स्थानिक पालक : कोणी नाही

आमच्या वसतिगृहाच्या प्रवेश अर्जात दुसऱ्या पानावर ‘स्थानिक पालक’ असा रकाना आहे. नाव, नाते, पत्ता, मोबाईल. मुलगी रात्री-बेरात्री आजारी पडली, दवाखान्यात सही लागली, तर पुण्यात कोणाला बोलवायचे यासाठी तो ठेवलेला. सातारा, सोलापूर, नगरकडच्या मुली तो भराभर भरतात. कोणाची आत्या कोथरूडला असते, कोणाचा मामा चाकणला कंपनीत. भामरागड, धडगाव, किनवट, अर्जुनी मोरगाव इकडून आलेल्या मुलीचे पेन मात्र तिथे थांबते. ती वडिलांकडे बघते. वडील शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढतात, पाने उलटतात, आणि गावातल्या कोणाच्या तरी मेहुण्याचा हडपसरचा नंबर लिहिला जातो. मी रेक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा असे नंबर लावून बघायचे. काही लागायचेच नाहीत. काही लागायचे, आणि पलीकडच्या माणसाला आपण कोणाचे तरी पालक झालो आहोत याचा पत्ताही नसायचा.

हल्ली मी सरळ सांगते, “कोणी नसेल तर ‘कोणी नाही’ असं लिहा.” त्याखाली मी सही करते आणि माझा नंबर टाकते. शहरातल्या काही वसतिगृहांत हा रकाना रिकामा असेल तर अर्जच घेत नाहीत. मला ते मान्य नाही. जिचे या शहरात कोणीच नाही तिलाच खोलीची सगळ्यांत जास्त निकड असते, आणि नेमकी तीच दारातून परत जाते.

अशा मुली अलीकडे वाढल्या आहेत, हे अर्जांच्या गठ्ठ्यावरूनच कळते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना सवलत आधीपासून होतीच. ‘पुण्याला पाठवायला पैसे कुठून आणू’ या प्रश्नाचा अर्धा भार त्यामुळे उतरला. खोलीभाडे, मेस, पुस्तके, येणे-जाणे हा उरलेला अर्धा अजून घरच्यांच्याच डोक्यावर आहे. स्वाधार, स्वयम् यांसारख्या योजना आहेत आणि त्यांचा आधार मोठा आहे. पण ते पैसे खात्यावर जमा होईतो कधी कधी वर्ष सरत येते, आणि मेसचे बिल दर महिन्याला येते.

पोचण्यापासूनच परीक्षा सुरू होते. गडचिरोलीच्या आतल्या गावातून निघालेली मुलगी आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग नागपूरला येते आणि तिथून रात्रभराची गाडी धरते. दोन दिवस अंगावरचे कपडे तसेच. नंदुरबारच्या सातपुड्यातली मुलगी घाट उतरून येते. बसच्या पाटीवर शिवाजीनगर लिहिलेले असते आणि गाडी वाकडेवाडीला उभी राहते. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी स्थानक तिकडे हलवले, हे आम्हा पुणेकरांच्या अंगवळणी पडले आहे. पण नकाशा बघत आलेल्या माणसाला आपण चुकीच्या जागी उतरलो असे वाटते आणि तिथल्या तिथे पहिल्या रिक्षावाल्याच्या तोंडून निघेल ते भाडे तो कबूल करतो. म्हणून आता दुसऱ्या वर्षाच्या मुली पाळीपाळीने स्टँडवर आणि स्टेशनवर जातात. नव्या मुलीला आदल्या दिवशीच फोन करून सांगतात, कुठल्या रंगाची ओढणी घेऊन कुठल्या फलाटापाशी उभ्या असू ते.

वडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. गेट किती वाजता बंद होतं? पाणी कसं आहे? गेल्या वर्षी एका वडिलांनी खोलीच्या खिडकीची कडी तीनदा ओढून बघितली, पंखा लावून बघितला, मग खाटेखाली वाकून ट्रंक कशी बसेल याचा अंदाज घेतला. त्यांना रात्रीच्याच गाडीने परतायचे होते, कारण लॉजवर एक रात्र काढणे परवडणारे नव्हते. मुलीकडे ते एकदाही नीट बघू शकले नाहीत. निघताना आवाज खाली आणून त्यांनी मला विचारले, “मॅडम, ते रॅगिंग वगैरे होत नाही ना इथं?”

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि विचारलाच पाहिजे. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ साली आला, यूजीसीचे नियम २००९ चे आहेत, प्रत्येक मुलगी आणि पालक तसे हमीपत्र देतात. हे सगळे मी समजावून सांगते. पण मला ज्याची काळजी असते ते अजून कोणत्याच वडिलांनी विचारलेले नाही. कोणी त्रास दिला तर तक्रार करता येते. कोणी काहीच केले नाही, शेजारून शंभर मुली जिना चढल्या-उतरल्या आणि एकीनेही नाव विचारले नाही, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? गावात ही मुलगी दिवसभर दिसली नाही तर संध्याकाळपर्यंत चार घरांतून विचारणा होते. इथे ती जेवली नाही, कॉलेजला गेली नाही, दोन दिवस खाटेवर पडून राहिली, तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. ओळख नसणे म्हणजे प्रत्यक्षात एवढेच असते, आणि तेवढ्यात मुलगी खचते.

मी हे पहिल्यांदा नीट बघितले ते मेसमध्ये. नव्या मुलींचे कसे चालले आहे ते वर्गात कळत नाही, खोलीत कळत नाही, फोनवर घरच्यांना तर मुळीच कळत नाही. ताटावर कळते.

पूर्व विदर्भ हा भाताचा मुलूख. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या मुलींचे जेवण म्हणजे भात; पोळी सणावाराची किंवा पाहुण्यांची. पुण्यातल्या मेसचा हिशेब उलटा. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्साभाजी, आणि शेवटी वाटीभर भात, तोही उशिरा आलेल्याला संपलेला. आमच्या मावशींनी एका जुलैमध्ये मला बाजूला घेऊन सांगितले, “मॅडम, ती कोपऱ्यातली पोरगी पोळीचे तुकडे करती आन् ताटात फिरवत बसती. पोट भरत नाही तिचं.” मावशी वेल्ह्याकडच्या. त्यांच्याही डोंगरात भातच, म्हणून त्यांना ते दिसले. मी बघत होते पण मला त्या मुलीची लाज दिसत होती, भूक दिसत नव्हती. ती दोनदा भात मागायला धजत नव्हती, एवढे साधे होते. दुसऱ्या दिवसापासून भाताचे दुसरे पातेले पोळ्यांच्या डब्याशेजारी, सगळ्यांना हात पोचेल असे ठेवले. वाढून घ्यायचे, कोणी विचारायचे नाही. आठवड्याभरात त्या पातेल्याभोवती चार-पाच मुलींचा घोळका झाला. सिंधुदुर्गची एक, गोंदियाच्या दोघी, भोरची एक. भातवाल्यांची पंगत असे त्यांना बाकीच्या म्हणू लागल्या, आणि कोपऱ्यातली मुलगी कोपऱ्यातून उठली.

खानदेशातल्या मुलींचे वेगळे. त्यांना आमची आमटी गोड लागते. त्या घरून ठेच्याची बरणी आणतात, आणि बरणी उघडली की आजूबाजूच्या पोळ्या आपोआप पुढे येतात. जिच्याजवळ ठेचा आहे तिला पुण्यात एकटे पडायला फारसा वाव नसतो. मी पालकांना सामानाची यादी पाठवते, त्यात बादली, मग, कुलूप यांच्याबरोबर आता एक ओळ असते : घरचे काहीतरी, चौघींना पुरेल इतके.

जेवणाच्या वहीवर माझी रोज नजर असते. प्रत्येक जण नावापुढे खूण करते, हिशेबासाठी. मी ती वही हिशेबासाठी कमी आणि मुलींसाठी जास्त वाचते. सलग दोन रात्री खूण नसेल तर मी काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या मजल्यावर काहीतरी काम काढते.

खोल्या वाटण्याबद्दल माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे. पालकांचा आग्रह असतो, आमच्याच तालुक्यातली मुलगी खोलीत द्या. त्यामागची माया मला कळते. पण एकाच गावच्या दोघी एका खोलीत ठेवल्या की त्या खोलीचे गाव होते आणि बाकीचे वसतिगृह परगाव होऊन बसते. सोबत जेवतात, सोबत जातात, आणि एक आजारी पडली की दुसरी अडते. उलट आपल्या भागातले कोणीच आसपास नसेल तर तेही जाचक. माडिया किंवा पावरी घरात बोलणाऱ्या मुलीला दिवसभर मराठी, वर्गात इंग्रजी; आपल्या बोलीतले एक वाक्यही कानावर न पडता महिना जाणे मी लादणार नाही. मी तिच्या भागातली मुलगी त्याच मजल्यावर देते, त्याच खोलीत देत नाही. रडू आले तर चार दारे ओलांडून जाता आले पाहिजे, आणि रात्री झोपायला परत परक्यांत आले पाहिजे.

परक्यांतूनच माणसे मिळतात, याचा मोठा दाखला आपल्या इतिहासात आहे. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी एका वसतिगृहात राहिले, मग जागा बदलली, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना नवल भथेना हे पारशी सोबती मिळाले. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा पैशाच्या मदतीला भथेना उभे राहिले. मुलींना मी हे सांगते तेव्हा त्या थोर माणसाची गोष्ट म्हणून ऐकतात. मी ती खोलीवाटपाची गोष्ट म्हणून सांगत असते.

परक्या मुलींना एका खोलीत ठेवले की त्या मैत्रिणी होतात, असे मात्र नाही. पहिल्या दिवशी ओळखीचा कार्यक्रम असतो, गोलात बसून नाव, गाव, छंद. तो मी बंद केलेला नाही, पण त्याच्यावर माझी भिस्तही नाही. त्या गोलात सगळ्यांत जास्त बोलणारी मुलगी आधीच चार जणींना ओळखत असते, आणि जिला ओळखीची गरज आहे ती आपली पाळी येईपर्यंत घाम पुसत असते. पाळी आली की नाव-गाव पुटपुटते आणि कोणाच्या लक्षात राहत नाही.

लक्षात राहते ते काम. ही माझी कल्पना नाही. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी जे वसतिगृह काढले, ज्याला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले, तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि हाताने कामे करत. त्या काळात ज्यांच्या घरच्यांनी एकमेकांच्या विहिरीचे पाणी घेतले नसते अशी ती मुले. पुण्यात त्याआधी गरीब मुले वार लावून जेवत, सात दिवस सात घरी. त्यातून शिकून पुष्कळ जण मोठे झाले. पण ती घरे जातीच्या माणसालाच उघडी असत, आणि वाराला जेवणारा मुलगा त्या घरी नेहमी घेणाराच राहत असे. साताऱ्यात मुलगा खरकटी भांडीही घासत होता आणि भाकरीही थापत होता. त्याच्यावाचून दुसऱ्याचे अडत होते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आमच्याकडे पाळ्या आहेत. वाढप, धान्य निवडणे, अभ्यासिकेची किल्ली, पाण्याच्या मोटरची वेळ, वर्तमानपत्रांची नोंद. सगळ्या जोडीने, आणि जोडी मी लावते. पण सगळ्यांत उपयोगी पडलेली पाळी मी ठरवलेली नव्हती.

भामरागड तालुक्यातली एक मुलगी अभियांत्रिकीला लागली होती. पहिल्याच आठवड्यात वॉचमन काकांनी सांगितले की एक मुलगी पहाटे चारला गच्चीच्या जिन्यात येऊन बसते. आम्हा रेक्टर लोकांच्या पोटात अशा वेळी गोळा येतो. मी दुसऱ्या दिवशी त्या वेळी वर गेले. ती पायरीवर गुडघ्यांना हात बांधून बसली होती. मला बघून उभी राहिली.

“झोप लागत नाही का गं?”

“लागते मॅडम. चारनंतर लागत नाही. घरी उठतोच आम्ही. मोहफुलाच्या दिवसांत तर याच्याही आधी.”

“मग खोलीत का नाही बसत?”

“लाइट लावला तर त्या जाग्या होतात.”

मार्च-एप्रिलात मोहाची फुले पहाटे गळतात. ती उन्हाच्या आधी वेचायला सगळे घर अंधारातच रानात जाते, हे तिने मला तिथे उभ्या उभ्या सांगितले. कोण पुढे चालते, टोपली कोणाकडे, कुत्रे कुठपर्यंत येते. आठवड्यात ती एवढे पहिल्यांदाच बोलली असावी.

त्याच सुमाराला माझ्याकडे एक वेगळीच तक्रार होती. एनसीसीच्या परेडला जाणाऱ्या, सकाळची लोकल धरून प्रोजेक्टला जाणाऱ्या, परीक्षेला पहाटे उठून वाचणाऱ्या मुली मोबाईलचे गजर लावत. गजर लावणारी सोडून खोलीतल्या बाकी तिघी जाग्या होत. रोज भांडणे. मी त्या मुलीला विचारले, तू उठतेसच, तर यांना उठवशील का? तिने मान हलवली. जिन्याच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, एक पाटी टांगली आणि दोरीला खडू बांधला. जिला उठायचे आहे तिने रात्री खोली नंबर आणि वेळ लिहायची.

पहिल्या रात्री पाटीवर दोनच नावे होती. मग वाढली. मग पाटीवर नावापुढे सूचना येऊ लागल्या : ‘३०७, पावणेपाच, दार वाजवू नको, आत येऊन हलव.’ ‘२१२, पाच, पहिल्यांदा उठले तरी परत झोपेन, दहा मिनिटांनी पुन्हा ये.’ ‘१०४, साडेचार, आज पेपर आहे, प्लीज विसरू नकोस.’ ती मुलगी तीनही मजल्यांवर अनवाणी फिरे, एका एका दाराशी थांबे. कोण कुठल्या कुशीवर झोपते, कोणाला खांद्याला हात लावलेला चालतो, कोण दचकते, हे तिला ठाऊक झाले. श्रावण उलटेपर्यंत वसतिगृहातल्या सगळ्यांची नावे माझ्याआधी तिला पाठ होती. आणि महत्त्वाचे म्हणजे सगळ्यांना तिचे नाव. एकदा तिला ताप आला. सकाळी साडेसहाला माझ्या दारात चौघी उभ्या, “मॅडम, आज आम्हाला कोणी उठवलं नाही, ती बरी आहे ना?”

३०७ मधली मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आपला मिनी ड्राफ्टर हिला दिला आणि रविवारी दुपारी व्हरांड्यात शीट पसरून बाजूला बसून ड्रॉइंग शिकवले. दोन वाक्यांच्या वर बोलणे नाही. “ही रेघ फिकी. ही गडद.” त्या व्हरांड्यातून मी जायचे तेव्हा दोघींच्या माना खाली असायच्या. पहिल्या सत्रात हिचे गणित राहिले, पण ड्रॉइंग निघाले, आणि गणित पुढच्या परीक्षेत काढले.

ती पाटी अजून आहे. दर वर्षी कोणीतरी लवकर उठणारी मिळतेच, आणि ती बहुतेक दूरच्या गावची असते.

गौरी-गणपतीची सुट्टी हा वर्षातला दुसरा मोठा टप्पा. कोकणातल्या मुली मिळेल त्या गाडीने, उभ्याने का होईना, जातातच. पश्चिम महाराष्ट्रातल्याही जातात. वसतिगृह दोन दिवसांत ओस पडते. उरतात त्या, ज्यांची अर्धी सुट्टी प्रवासातच जाईल. व्हरांड्यातल्या दोऱ्या रिकाम्या, शहरात ढोल-ताशे, आणि दहा-बारा मुली आपापल्या खाटांवर मोबाईल घेऊन पडलेल्या. गेलेल्यांचे आरतीचे फोटो त्यात येत असतात. जुलैपेक्षा हे चार दिवस कठीण असतात, कारण जुलैत सगळ्याच नव्या असतात.

मावशीही गौरींना गावी जातात, त्यामुळे स्वयंपाकघर मुलींकडे येते. मी कोठीची किल्ली देते, भाजीचे पैसे देते आणि लुडबुड करत नाही. पहिल्या दिवशी डाळीवरून वाद होतो, फोडणीत लसूण किती, गूळ घालायचा की नाही. एका वर्षी धडगावच्या मुलीने मंडईतून मक्याचे पीठ आणून भाकरी थापायला घेतली. किनवटची बाजूला उभी राहून म्हणाली, आमच्याकडे ज्वारीची अशीच थापतात, सरक. मग दोघी दोन शेगड्यांवर. गडचिरोलीच्या मुलीने भात लावला. रात्री सगळ्या मिळून चालत मानाचे गणपती बघायला गेल्या, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. परत आल्या तेव्हा त्यांच्यात ती ओरडून बोलण्याची पद्धत आली होती, जी आपल्या माणसांतच येते. सुट्टी संपवून बाकीच्या परतल्या की उरलेल्या मुलींचा गट त्यांना वेगळा दिसतो. आता त्यांच्याकडेही सांगण्यासारखे असते.

पैशाचे बोलले पाहिजे, कारण एकटेपणाचे मोठे मूळ तिथे असते आणि ते कोणी सांगत नाही. वर्गातल्या मुली सिनेमाला निघतात, कोणाच्या वाढदिवसाला प्रत्येकी काही रक्कम काढायची असते. ही म्हणते, “मला केक आवडत नाही,” “मला गर्दी सहन होत नाही.” दोनदा-तीनदा असे म्हटले की तिला विचारणे बंद होते. ती घुमी आहे असे ठरते. ती घुमी नसते, तिच्याजवळ दीडशे रुपये नसतात. वसतिगृहात वाढदिवसाची वर्गणी काढायची नाही, हा नियम मी केला आणि त्यावर बरीच नाराजी झाली. मी तो बदललेला नाही. महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांना मिळून एका रविवारी शिरा होतो, खर्च मेसचा. कॉलेजातले मी बदलू शकत नाही. पण खोलीत आल्यावर तरी तिला कारणे शोधावी लागू नयेत.

मोबाईलबद्दल पालक आणि शिक्षक दोघेही तक्रार करतात. मी त्यांच्यात नाही. ज्या गावात टॉवर आहे तिथली आई रोज रात्री मुलीचा चेहरा बघू शकते, ही मोठी गोष्ट आहे. जिथे रेंज नाही तिथले वडील रविवारी रेंज मिळेल अशा ठिकाणी जाऊन फोन लावतात, आणि त्या वेळेला मी कोणतीही सभा ठेवत नाही. जेवणघरात मात्र फोन आणायचा नाही. ताटावर बसून घरी बोलणारी मुलगी शेजारच्या मुलीशी बोलत नाही, आणि शेजारचीही मग तिला हाक मारत नाही.

सगळ्या टिकत नाहीत. एक मुलगी दिवाळीला गेली ती परत आली नाही. वडिलांचा फोन आला, कागदपत्रे न्यायला येतो म्हणून. ती पुढच्या वर्षी गडचिरोलीला, २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाखालच्या कॉलेजात गेली. आता तालुक्याच्या गावी ग्रंथालयात काम करते आणि नव्याने पुण्याला निघालेल्या मुलींना माझा नंबर देते. तिच्याबद्दल ‘पळून आली’ असे कोणी म्हटले की मला राग येतो. पुण्याला येणे हा धडा नाही, जो पाठ झालाच पाहिजे. जवळ चांगले कॉलेज असेल तर जवळ शिकणे हे काही कमी नाही; आणि जवळ चांगले कॉलेज असावे, हे त्या मुलीचे काम नसून आपल्या सगळ्यांचे आहे.

माझी आजची चिंता मात्र वेगळी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या कॅप फेऱ्या लांबत जातात. पहिल्या फेरीतल्या मुली येऊन स्थिरावतात, पंगती ठरतात, जोड्या ठरतात, आणि मग शेवटच्या फेरीतली मुलगी एकटी येते. तिला स्टँडवरून आणायला कोणी नसते, कारण त्या पाळ्या संपलेल्या असतात. वर्गात अर्धी प्रॅक्टिकल्स झालेली असतात. खोली मिळते ती जिथे एक खाट उरली आहे ती, आणि खाट उरलेली खोली बहुधा भांडणाची असते. आधीच्या मुलींना जे दोन-तीन महिने मिळाले ते हिला मिळतच नाहीत. माझ्या वहीत ज्या मुली पहिल्याच वर्षी सोडून गेल्या त्यांत उशिरा आलेल्या जास्त आहेत.

म्हणून मी विश्वस्तांकडे मागणी केली की, जमलेल्या, बरे चाललेल्या खोल्यांमधल्या काही खाटा शेवटच्या फेरीपर्यंत रिकाम्या ठेवू द्या. त्यांचा प्रश्न रास्त होता : तेवढ्या महिन्यांचे भाडे कोण भरणार? बाहेर बारा मुली प्रतीक्षा यादीत असताना खाट रिकामी ठेवणे मलाही जड जाते. आम्ही दोन बैठका यावर बोललो. शेवटी ठरले की तीन खाटा ठेवायच्या, भाड्याची तूट माजी विद्यार्थिनींच्या निधीतून भरायची, आणि त्या तीन खोल्यांतल्या मुलींना आधीच विचारायचे. विचारले तेव्हा एका खोलीने नाही म्हटले, दोन खोल्या तयार झाल्या. त्यांतली एक खोली ३०७ आहे. तिथे आता दुसऱ्याच मुली राहतात. त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर : येणाऱ्या मुलीला स्टेशनवरून आणायला आम्हीच जाणार, आमचा पेपर असला तरी.